अकराव्या ओळीचे पंधरा गुण

क्विंबी मिल्स
१२ फेब्रुवारी २०१८

नोरीन,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र. फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड.

डॅरेल जूनमध्ये सुटतोय. तो तुझा नवरा होता हे तू विसरली असशील, पण तो माझा भाऊ आहे हे मला काही विसरता येत नाही. सुटायच्या आधी, २४ एप्रिलला, इथल्या कोर्टात त्याच्या धोक्याची पातळी ठरायची आहे. त्यासाठी एक छापील तक्ता असतो. पंधरा ओळी, आणि प्रत्येक ओळीला गुण. शाळेच्या गुणपत्रिकेच्या उलट हिशेब, जितके गुण जास्त तितका माणूस धोक्याचा. सत्तरपर्यंत पहिली पातळी, एकशे पाचपर्यंत दुसरी, एकशे दहा झाले की तिसरी. ऑल्बनीच्या सरकारी मंडळाने त्याला एकशे पंधरा दिले आहेत.

तिसरी पातळी लागली तर पॅरोल संपेपर्यंत शाळेपासून हजार फुटांच्या आत राहता येत नाही. माझ्या दारातून शाळेचं फाटक किती लांब आहे ते तुला सांगायला नको. सव्वीस वर्षं मी एप्रन बांधूनच तो रस्ता ओलांडला आणि त्या पोरांना जेवू घातलं. म्हणजे डॅरेलला माझ्याकडे येता येणार नाही. शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्यात शंभर अनोळखी लोकांत एका खाटेवर पडून राहील, आणि तिथे पंचावन्नाव्या वर्षी त्याचं काय होईल ते देवच जाणे. दुसरी पातळी मिळाली तर मात्र तो घरी येईल. वरची खोली मी रंगवून घेतली आहे.

त्याचा वकील म्हणतो, अकरावी ओळ बघा. दारू. तिचे पंधरा गुण लावले आहेत. ते खोडले गेले तर शंभरच उरतात.

चौदा वर्षं तू त्याच्याबरोबर संसार केलास. कोर्टाला दोन ओळी लिही की डॅरेल दारुडा नव्हता. खोटं लिही म्हणत नाही, तो दारुडा नव्हताच. एवढं केलंस तर पुन्हा तुझ्या दारात येणार नाही.

आर्डिथ


प्लॅट्सबर्ग
२० फेब्रुवारी २०१८

मिसेस ट्रॉम्ब्ली,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना हसू आवरेना.

दहा वर्षांपूर्वी शिक्षा सुनावायच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. प्रोबेशनच्या अधिकाऱ्याला तुम्ही दिलेला जबाब डॅरेलच्या वकिलाने मोठ्याने वाचून दाखवला. मला तो पाठ आहे. ‘माझा भाऊ प्यायला की माणसांत राहत नाही. त्या दिवशी दुपारपासून पीत होता. शुद्धीत असता तर त्याने माशीलासुद्धा दुखवलं नसतं.’ वाचून झाल्यावर तुम्ही डोळ्याला रुमाल लावला, आणि सरकारी वकिलाने मागितलेल्या शिक्षेतली पाच वर्षं न्यायाधीशांनी कमी केली.

आता तोच दारुडा तुम्हाला दारुडा नको आहे. तेव्हा दारूने पाच वर्षं वाचवली, आता तीच पंधरा गुणांनी उलटली. करावं तसं भरावं म्हणतात ते हेच. एकदा नक्की काय ते ठरवा, मिसेस ट्रॉम्ब्ली. तो पितो की पीत नाही? की वकिलाला विचारून सांगणार?

मी काहीही लिहिणार नाही. त्याला तिसरी पातळी लागावी अशी माझी इच्छा आहे, आणि ती मी लपवत नाही.

तुमच्या पत्रात डॅरेलची खाट आहे, तुमचा एप्रन आहे, वरच्या खोलीचा रंग आहे. मार्ला कुठेच नाही. तुमच्या भावाने जिला ‘घरी सोडतो’ म्हणून गाडीत बसवलं आणि जिच्यावर जबरदस्ती केली, त्या मुलीला नाव आहे. आणि तुमची नात डेलनी, नर्सिंग शिकायला तुमच्याकडे राहणारी एकवीस वर्षांची मुलगी, तिचंही नाव पत्रात नाही. वरच्या मजल्यावर तिचीच खोली आहे ना? तुमच्या नव्या रंगाच्या खोलीला लागून?

नोरीन फेही


क्विंबी मिल्स
१ मार्च २०१८

नोरीन,

मी तुझी मिसेस ट्रॉम्ब्ली कधीपासून झाले? तुझ्या लग्नाचा केक मी या हातांनी केला. अहो-जाहो करून माणूस मोठा होत नाही.

हो, मी सांगितलं होतं दारूचं. तेव्हाचा वकील म्हणाला, कारण द्या, न्यायाधीशांना कारण लागतं. आपल्या भावाची वर्षं वाचत असतील तर कुठली बहीण गप्प बसेल? आणि मी काही हवेतून काढलं नव्हतं. त्या रात्री चौकीत मी त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडाला बियरचा भपकारा येत होता. पोलिसाने कागदावर लिहिलं आहे तसं. पण एका दिवशी प्यायला म्हणजे माणूस दारुडा होतो का? हाच फरक कोर्टाला समजावून सांगायचा आहे, आणि तू तो कळून न कळल्यासारखं करते आहेस.

डेलनीचं नाव काढून मला घाबरवू नकोस. मी डोळे मिटून बसलेले नाही. या घरात आता दारूचा थेंब नाही. तळघरातली सायडर ओतून दिली. केकात घालायची रम गेली. परवा व्हॅनिला इसेन्सची बाटली वाचून बघितली, त्यातही अल्कोहोल निघालं, तीसुद्धा सिंकमध्ये ओतली. डेलनी म्हणाली, ‘आज्जी, आता काय खोकल्याचं औषधही फेकणार?’ तेही फेकलं. तो एकच राक्षस होता आणि त्याला मी घराबाहेर काढलं आहे. डॅरेल शुद्धीत असला की देवमाणूस आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

आणि तू कोणत्या तोंडाने मला मार्ला-मार्ला शिकवतेस? सहा आठवड्यांत तू त्याचा ट्रक विकलास. घटस्फोटाचे कागद तुरुंगात पाठवलेस, तेही त्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात. मी तेव्हाही काही बोलले नाही. अगं, मी तर त्या बियरबद्दलसुद्धा तुला काही बोलले नाही. रविवारच्या अग्निशमन दलाच्या चिकन बार्बेक्यूसाठी मी आणलेले बारा कॅन होते ते. माझा फ्रीज कोंबड्यांनी भरला म्हणून शनिवारी पाच वाजता तुझ्या फ्रीजमध्ये आणून ठेवले, आणि रविवारी सकाळी बघते तर सातच. भाऊ कोठडीत आणि वर पाच कॅन कमी. गावासमोर मीच खाली मान घालून उभी राहिले. तू तेव्हा आईकडे निघून गेली होतीस.

लिहायचं नसेल तर नको लिहूस. पण न्यायदेवता असल्याचा आव आणू नकोस.

आर्डिथ


प्लॅट्सबर्ग
२६ मार्च २०१८

आर्डिथ,

बरं. मिसेस नाही.

तुझं पत्र तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतं. मी सकाळी शाळेची बस घेऊन जाते, परत येते, पत्रातला तो एक परिच्छेद वाचते, पुन्हा बस घेऊन जाते. त्या परिच्छेदात तू काय लिहून ठेवलं आहेस ते तुला अजून कळलेलं नाही. दहा वर्षं तू तेच सांगत फिरते आहेस आणि स्वतःच ऐकत नाहीस.

मागच्या महिन्यात लायसन्सच्या नूतनीकरणाला गेले होते. खिडकीत मार्ला होती. तिने माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर शिक्का मारला. मी म्हटलं, ‘मला माफ कर.’ ती म्हणाली, ‘तुम्ही कशाला? सगळे मला सांगतात की तो बिचारा प्यायलेला होता. तुम्ही नाही सांगितलंत, एवढं पुरे.’ आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बिचारा. ऐकलंस? तू कोर्टात सोडलेला तो शब्द अजून त्या मुलीला खिडकीत येऊन बोचतो आहे.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही. दारुड्याची बायको म्हटलं की लोक डबा आणून देतात, पाठीवर हात ठेवतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसाची बायको म्हटलं तर लोक विचारतात, तुला कळलं कसं नाही? ती बियर मलाही सोयीची होती.

काल नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलं. एक प्रत त्याच्या वकिलाला, एक सरकारी वकिलाला, एक सोबत तुला. ते घडलं तेव्हा डॅरेल प्यायलेला नव्हता, असं मी त्यात लिहिलं आहे. तुला हवं होतं तेच. पण पूर्ण वाच. दुसरं पान वाच.

नोरीन


क्विंबी मिल्स
२ एप्रिल २०१८

नोरीन,

तर शेवटी सुचलं शहाणपण.

पाकीट उघडायच्या आधीच वकिलाचा फोन आला. तो इतका खुशीत होता की त्याला नीट बोलता येईना. म्हणाला, ‘पहिल्याच ओळीत काम झालं. बायकोनेच शपथेवर सांगितलं की प्यायला नव्हता, आता पंधरा गुण टिकत नाहीत.’ मी चष्मा शोधेपर्यंत त्याने पहिलं पान मला फोनवर वाचून दाखवलं. पुढचं वाचायची मला गरज नाही. संसारातल्या तुझ्या तक्रारी असतील, त्या मी चौदा वर्षं ऐकल्या आहेत.

हे आधीच केलं असतंस तर दोघींची चार पाकिटं वाचली असती. पण वरून तोरा मिरवल्याशिवाय तुझ्या हातून चांगलं काम होत नाही. मार्लाची गोष्ट तू कशाला घुसडलीस ते मला कळतं. उपकार करायचा आणि टोचून करायचा, ही तुझी जुनी खोड.

तरी आभार मानते. माझ्या आईने मला तेवढं शिकवलं आहे. मेपलच्या रसाचा पाक करायचा हंगाम आटपतोय, यंदाचा पाक काळपट झाला आहे पण चव चांगली आहे. एक बाटली पाठवते. नको असेल तर शेजाऱ्यांना दे.

वरच्या खोलीला पडदे लावले. निळे, त्याला आवडतात तसे.

आर्डिथ


प्लॅट्सबर्ग
९ एप्रिल २०१८

आर्डिथ,

बाटली परत पाठवते आहे. मी तुझ्यावर उपकार केलेला नाही आणि तुझ्या भावावर तर नाहीच. सरकारी वकिलाने मला झापलं, ‘बाई, तुम्ही आमची केस बुडवलीत. तिसरी पातळी जाईल.’ मी म्हटलं, जाऊ दे, पण खोट्याच्या जोरावर मला तिसरी नको. त्या रात्री मला झोप आली नाही. तो रस्त्यावर मोकळा फिरावा असं मी माझ्या हाताने केलं आहे, आणि याचं मला भय वाटतं. एवढं तरी तुला कळू दे.

तू वाचणार नाहीस हे मला कळलं. पण २४ तारखेला तू पहिल्या बाकावर बसशील, रुमाल घेऊन. तिथे वाचलं जाईल तेव्हा कानांवर हात ठेवू नकोस. पाच वाजताचं ऐक.

नोरीन


क्विंबी मिल्स
२१ मे २०१८

नोरीन,

निकाल तुला कळला असेलच. शंभर गुण. दुसरी पातळी. मी जिंकले.

चार आठवडे लिहीन लिहीन म्हणते आहे. आज लिहिते, कारण आज जे केलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

मी पहिल्या बाकावर बसले होते, तू म्हणालीस तसं. रुमालही होता. सरकारी वकील उठला आणि त्याने तुझं दुसरं पान वाचलं, तुझ्याच शब्दांत. मार्ला काम करायची ते दुकान शनिवारी चारला बंद झालं. पाच वाजता नणंदेने बारा कॅनचं न फोडलेलं खोकं आणून फ्रीजमध्ये ठेवलं. तेव्हा डॅरेलचा ट्रक दारात नव्हता. साडेसहाला तो आला. मी त्याच्या शर्टाची गुंडी तुटलेली पाहिली, जवळ जाऊन विचारलं, तोंडाला कसलाही वास नव्हता. हात थरथरत नव्हते. मग त्याने फ्रीज उघडला, खोकं फोडलं, आणि अंगात जाकीट तसंच ठेवून सिंकपाशी उभ्याने एकामागून एक पाच कॅन प्यायला. औषध प्यावं तसे. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ‘आता कोणी आलं तर सांग, मी दुपारपासून पितो आहे.’ नऊला पोलीस आले.

वकील वाचत होता आणि मी मनात तुला शिव्या देत होते. खोटारडी, सूडाला पेटलेली. मग ‘नणंदेने पाच वाजता’ आलं. ती नणंद मीच. ते खोकं मी माझ्या हाताने ठेवलं होतं, खालच्या कप्प्यात, तुझं दूध बाजूला सरकवून. दारात ट्रक नव्हता हे मला पक्कं आठवतं, कारण मी त्याच जागी माझी गाडी लावली होती. पाच कॅन कमी पडले म्हणून मी दहा वर्षं गावभर कुरकुर केली. मग ते पाच त्याने साडेसहानंतरच प्यायले असणार, दुसरं काय? हे कळायला मला तू लागावीस?

सरकारी वकील म्हणाला, माणूस शुद्धीत होता आणि त्याने नंतर पुरावा रचला, म्हणून पातळी वाढवून तिसरी द्या. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘या तक्त्यात दारू पिण्याचे पंधरा गुण आहेत. शुद्धीत असण्याची ओळ यात नाही. जे आहे तेच मी मोजू शकते. पातळी वाढवायला एवढं पुरेसं नाही.’ आणि पंधरा खोडले. डॅरेलने मागे वळून मला अंगठा दाखवला. पोरगा शर्यत जिंकून आईकडे बघतो ना, तसा.

गेल्या रविवारी त्याला भेटायला गेले. मशीनमधलं सँडविच घेतलं, तो खात होता. मी विचारलं, ‘डॅरेल, ते पाच कॅन तू केव्हा प्यायलास?’ चिडला नाही. तोंड पुसलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, ‘आर्डी, तुला कुठलं उत्तर सोयीचं पडेल ते सांग. मी तेच म्हणतो.’

नोरीन, तो मला टोमणा मारत नव्हता. तो मला मदत करत होता. आम्ही बहीणभाऊ दहा वर्षं असंच एकमेकांना मदत करत आलो, हे मला तिथे त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळलं.

घरी आले तर डेलनी वरच्या जिन्यात बसून पाठ करत होती, हाडांची नावं. निळ्या पडद्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कपाटं उघडून बघत राहिले. सायडर गेली, रम गेली, व्हॅनिला गेली. आता काय ओतून देऊ? घरात ठेवू नये असं दुसरं काहीच मला सापडेना.

तुझे आभार मी या वेळी मानणार नाही. तू दहा वर्षं गप्प बसलीस. त्यासाठी मी तुला माफ करणार नाही, आणि तूही मला करू नकोस. मार्लाला मी पत्र लिहायला बसले होते. तिच्या नावापुढे एक शब्द सुचला नाही. पुन्हा बसेन.

आज सकाळी पॅरोलच्या कचेरीत गेले. सुटल्यावर तो राहणार म्हणून दिलेला माझा पत्ता मागे घेतला. तो निवाऱ्यात जाईल, त्याच खाटेवर. दुसरी पातळी असूनही. तो माझा भाऊ आहे आणि त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं आहे.

फॉर्मवर कारण लिहायला एकच ओळ होती. मी लिहिलं, ‘त्या दिवशी तो शुद्धीत होता.’

खिडकीतल्या पोरसवदा अधिकाऱ्याने वाचलं आणि म्हणाला, ‘बाई, हे तर त्याच्या बाजूचं झालं. चुकून लिहिलंत का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

आर्डिथ